क्रेनखालचा हात

कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये तोंडाने बोलून उपयोग नसे. वर क्रेन धडधडायची, बाजूला ग्राइंडर, पलीकडे घणाचे ठोके. त्यात कोणी ओरडलंच तर ओरडणाऱ्याचा घसा बसायचा आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नसे. म्हणून रिगर हाताने बोलतो. मी भिलाईच्या कारखान्यात तीस वर्षं रिगर होतो. रिगर म्हणजे जड माल साखळीने किंवा तारेच्या दोराने बांधून क्रेनच्या हुकाला लावणारा, आणि मग खाली उभा राहून वरच्या केबिनमधल्या क्रेनवाल्याला हाताने सांगणारा. उजवा हात डोक्याच्या वर काढून बोट गोल फिरवलं की माल वर. तळवा खाली करून हलवला की खाली. मूठ आवळली की जागच्या जागी थांब. डाव्या हातात मालाला बांधलेला दोर धरायचा, म्हणजे माल हवेत गरगर फिरत नाही. ही हातांची वाटणी मला शिकवणाऱ्या उस्तादाने करून दिली होती, आणि त्याच्या शब्दापुढे देवाचंही चालत नसे.

भंडाऱ्याकडच्या गावातून मी विसाव्या वर्षी भिलाईला आलो तेव्हा धानाच्या बांध्यांत राबलेले दोन हात एवढंच भांडवल होतं. कागदावर सही यायची, बाकी आनंदच होता; हिंदी लिहा-वाचायला पुढे भिलाईतच शिकलो. पण क्रेनखाली उभा राहिलो की वीस टनांचा माल माझ्या एका बोटावर वर जायचा. मोठमोठे साहेबसुद्धा तेव्हा लांब उभे राहायचे. याचा मला अभिमान होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

वरचा क्रेनवाला दुर्गजवळच्या एका खेड्यातला, माझ्याहून तीनेक वर्षांनी लहान. चौदा वर्षं तो वर आणि मी खाली. पाळीभर तो केबिनमधून उतरायचा नाही आणि पाळी संपली की सायकल काढून गावाकडे पळायचा, त्यामुळे आमचं बोलणं काय ते हातांचं. त्याला किती पोरं आहेत हेसुद्धा मला नीट ठाऊक नव्हतं. पण माझं बोट कोणत्या वेगाने फिरलं की माल किती वेगाने उचलायचा, हे त्याला सांगावं लागत नसे.

खांदा दुखू लागला तो साधारण नव्वद सालच्या आगेमागे. तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. आधी वाटलं, रात्रपाळीचा गारठा. मग शर्ट घालताना उजवी बाही चढेना. मग डोक्यावर पाणी घ्यायला तांब्या उचलवेना. शॉपमध्ये मी एक अक्षर बोललो नाही. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल आणून ठेवलं आणि घरी कोणी नसताना एकट्याने चोळत बसू लागलो. पण तेलाचा वास काही लपत नाही, आणि माझ्या बायकोचं नाक तर शेजारच्या क्वार्टरमधली करपलेली डाळ ओळखणारं.

"खांदा दुखून राहिला का जी?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मंग तांब्या डाव्या हातानं कावून घेऊन राहिले? मले काही दिसत नाही असं वाटते का तुमाले?"

"दिसते ना. मंग विचारून कावून राहिली?"

डॉक्टरकडे जा म्हणून तिने जी पाठ धरली ती सोडली नाही. मी गेलो नाही. मला भीती होती ती एकाच गोष्टीची. डॉक्टरने कागदावर 'हलकं काम' असं लिहिलं की माणूस क्रेनखालून उठतो आणि टूलरूमच्या खिडकीत बसून हातमोजे वाटतो. तसे दोघे-तिघे मी पाहिले होते. सकाळी आठला स्टुलावर बसायचे आणि घड्याळाकडे बघत राहायचे. मला ते मरण नको होतं. दोन वर्षं मी दातावर दात धरून काम केलं.

आणि मग ती चूक केली. त्या दिवशी एक भलामोठा गिअरबॉक्स क्रेनच्या मोठ्या हुकावर लटकत होता. मोठ्या क्रेनला दोन हूक असतात, एक मोठा, जड मालासाठी, आणि एक छोटा, हलक्या कामासाठी. छोटा हूक हवा असेल तर रिगरने दुसऱ्या हाताने आपलं कोपर धरून दाखवायचं, हा नियम. मला 'खाली' सांगायचं होतं. उजवा हात अर्ध्यावर जाऊन अडकला. कळ अशी आली की डोळ्यांपुढे काळोख पसरला. मी डाव्या हातातला दोर सोडला, उजव्या कोपराला खालून आधार दिला, हात कसाबसा वर ढकलला आणि तळवा खाली केला.

वरून त्याला दिसलं ते एवढंच की मी कोपर धरलं आहे. त्याने मोठा हूक जागच्या जागी थांबवला आणि छोटा खाली सोडला. बाजूला एक फिटर वाकून नट काढत होता. रिकामा लोखंडी हूक त्याच्या पाठीमागून खाली आला आणि त्याचं हेल्मेट उडवून गेला. तो धपकन खाली बसला. दोर सुटलेला गिअरबॉक्स हळूहळू फिरत होता. मी मूठ आवळली. सगळं थांबलं.

फिटरला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण तो दोन्ही हातांनी आपलं डोकं चाचपत राहिला ते मला अजून दिसतं. क्रेनवाला शिडीवरून धडाधड उतरला. चौदा वर्षांत पाळीच्या मध्येच तो पहिल्यांदा खाली आला होता.

"का करत हस भैया! छोटे हुक ला काबर बुलाएस?" छोटा हूक कशाला बोलावला म्हणून तो माझ्या अंगावर ओरडला. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मी अजून कोपर धरूनच उभा होतो. त्याचा आवाज एकदम उतरला. "तोर हाथ ला का होगे?"

हाताला काय झालं, ते मी त्याच संध्याकाळी फोरमनला स्वतः सांगितलं. एक डोकं थोडक्यात वाचलं होतं. त्यानंतरही लपवत राहिलो असतो तर मी माणूस नव्हतो. मरोदा वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरवर परत येताना सायकल हातात धरून चालत आलो, कारण हँडल धरवत नव्हतं.

एक्स-रे झाले, गोळ्या झाल्या, खांद्यात सुया झाल्या. शेवटी आमच्या डॉक्टरांनी दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दोन दिवस रेल्वेत बसून मी आणि बायको गेलो, सोबत डब्यात पोळ्या, लोणचं आणि तिचा राग. तिथल्या सर्जनला मोडकं हिंदी यायचं. त्याने कागदावर खांदा काढून दाखवला. हाताच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो वाटीत फिरतो, आणि चार पट्टे त्याला चहूबाजूंनी आवळून धरतात. माझा वरचा पट्टा केव्हाच तुटून गेला होता आणि शेजारचा विरला होता. धरणारं कोणी नाही म्हणून गोळा वर सरकला होता आणि वर्षानुवर्षं हाडावर घासून सांधा खडबडीत झाला होता. मला आठवलं, सातेक वर्षांपूर्वी साखळी निसटून हाताला हिसका बसला होता. तेव्हाही मी तेलच चोळलं होतं.

"गोला निकालेंगे, धातू का नया डालेंगे," डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, "साब, हुक तो नया लगाओगे. पर रस्सी टूटी है तो माल कैसे उठेगा?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वही बात है," ते म्हणाले. "दर्द जाएगा. हाथ ऊपर जाएगा, इसका प्रॉमिस नहीं."

ते खरं बोलले म्हणून मला बरं वाटलं आणि खरं बोलले म्हणूनच रडूही आलं. बाहेर बाकावर बसलो तर बायको म्हणाली, "जनमभर लोखंड उचललं, पोट नाही भरलं का? आता अंगातच घालून घ्या." मग खाली बघत, "दुखणं तर जाईन ना जी? मले तेवढंच पुरे."

मला तेवढंच पुरे नव्हतं. तिला मी हे बोललो नाही, पण त्याच बाकावर ठरवलं की डॉक्टरचं काम गोळा बसवण्याचं, हात वर नेण्याचं माझं. पट्टा तुटला असेल तर उरलेल्या मांसाला कामाला लावू. डॉक्टरने प्रॉमिस दिलं नव्हतं, तर मीच स्वतःला देऊन टाकलं.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. जागा झालो तेव्हा हात छातीशी बांधलेला होता आणि तहानेने जीव चालला होता. दुखत होतं, पण ते कापल्याचं, नवं दुखणं होतं. आतलं जुनं, कुत्र्यासारखं कुरतडणारं दुखणं गेलं होतं. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि मी बायकोला हलवून उठवून सांगितलं. ती मला वेडा म्हणाली आणि पदराने डोळे पुसत बसली.

व्यायाम करवून घेणारी सिस्टर तमिळच बोलायची. तिला हिंदी येत नव्हतं, मराठीचा तर प्रश्नच नाही. शेजारचे पेशंट तिच्यापुढे गोंधळून जायचे. तिने हाताने 'हळूहळू वर' असं केलं आणि मला हसूच आलं. तीस वर्षं मी दुसरं काय केलं होतं? मी डाव्या हाताची मूठ आवळली की ती थांबायची, तळवा हलवला की हात खाली सोडायची. दोन दिवसांत आमचं असं जमलं की ती इतर सिस्टरांना बोलावून आमचा कारभार दाखवू लागली. निघताना तिने माझ्या हातात एक काठी दिली आणि बोटांनी सांगितलं: रोज तीनदा. मी चारदा केलं.

घरी आल्यावर दाराच्या चौकटीला पुली लावायची होती, तिच्यावरून दोर टाकून डाव्या हाताने उजवा वर ओढायचा. दवाखान्याच्या कागदावर छोटीशी पुली काढलेली होती. मी आमच्या शॉपमधल्या मित्राकडून जाड लोखंडी खिट्टी मागवली, बाजारातून चांगली वजनदार पुली आणली आणि डाव्या हाताने चौकटीला अशी पक्की बसवली की क्वार्टर पडलं तरी ती पडली नसती.

"एका हातासाठी एवढी?" बायको म्हणाली. "इथं काय रेलगाडी लटकवून राहिले?"

"रिगरच्या घरची पुली आहे," मी म्हटलं. "तुझ्या माहेरची विहिरीवरची नाही."

"माझ्या माहेरच्या विहिरीवरची अजून चालू आहे म्हटलं. तिले ऑपरेशन नाही लागलं."

दारामागच्या भिंतीवर मी पेन्सिलने खुणा करू लागलो. भिंतीला छाती लावायची, बोटांनी भिंत चढायची आणि जिथपर्यंत हात जाईल तिथे रेघ. पहिली रेघ पोटाच्या उंचीला होती. महिन्याभरात बरगड्यांपर्यंत आली. दुसऱ्या महिन्यात छातीपर्यंत. माझी कॉलेजात जाणारी पोरगी रोज संध्याकाळी येऊन बघायची, "बाबा, आज कितना?" आणि मी बोटाने दाखवायचो. घरात पोळा, दिवाळी, सगळं आलं आणि गेलं, मला त्या रेघांशिवाय काही दिसत नव्हतं. कोणी भेटायला आलं तर चहा व्हायच्या आधी मी त्याला भिंत दाखवायचो. माणसं कंटाळली असतील. मला पर्वा नव्हती.

चौथ्या महिन्यात रेघ खांद्याला टेकली. पाचव्या महिन्यात ती खांद्यालाच होती. मी व्यायाम दुप्पट केला. हातात वाळूची पिशवी घेतली. शरीर एका बाजूला कलवून हात वर फेकायला शिकलो, पण ते कलणं होतं, उचलणं नव्हतं, आणि हे मला कळत होतं. सहाव्या महिन्यात एकाच जागी इतक्या रेघा झाल्या की तिथे काळा पट्टा उमटला. एके दिवशी बायकोने ओला फडका आणला आणि तो पट्टा पुसायला लागली. मी तिच्यावर ओरडलो, इतका की पोरगी बाहेरून धावत आली.

"भिंतीले काय विचारता?" बायकोने फडका फेकला. "मले विचारा ना! तुमी आता दोन्ही हातानं जेवता, झोपेत कण्हत नाही, पोरीच्या डोक्यावर हात ठेवता. हे दिसत नाही का तुमाले?"

दिसत होतं. तरी मी हट्ट सोडला नाही. हात बदलून दोर उजव्यात घ्यावा, तर मालाचा हिसका हा खांदा सोसणार नव्हता. दवाखान्यातून कागद मिळाला, 'हात खांद्याच्या वर जात नाही, हलकं काम द्यावं.' तो खिशात घालून मी सरळ शॉपच्या साहेबांकडे गेलो. साहेब वयाने माझ्या लेकरासारखे, पण माणूस समजूतदार. मी म्हटलं, कागद डॉक्टरचा आहे, क्रेनखाली डॉक्टर उभा राहत नाही. एकदा मला उभं करून बघा. शेवटी ते हो म्हणाले. सगळी माणसं लांब ठेवायची, माल हलका घ्यायचा, आणि ते स्वतः हजर राहणार, या अटीवर.

त्या सकाळी मी दाढी केली, धुतलेले कपडे घातले. बायकोने दह्याची वाटी पुढे केली. शॉपमध्ये गेलो तर एक जुनी मोटर स्टँडवरून उचलून गाड्यावर ठेवायची होती. वर तोच, माझा क्रेनवाला. मी मोटर बांधली. साखळीला ताण दिला. उजवा हात आता जराही दुखत नव्हता. डाव्या हातात दोर घेतला, उजवा पुढे केला आणि कोपरातून वाकवून बोट फिरवलं.

मोटर उचलली गेली. किती सुंदर उचलली गेली! ना हिसका, ना झोका. मी हात सरकवला, क्रेन सरकली. तळवा खाली केला, मोटर गाड्यावर अशी बसली की आवाजसुद्धा झाला नाही. लांब उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि ते ऑफिसकडे गेले. मला वाटलं, जिंकलो. सहा महिन्यांच्या रेघा, पुली, वाळू, सगळं फळाला आलं. डोळे भरून आले, आणि ते कोणी बघू नये म्हणून मी साखळी सोडवत बसलो.

क्रेनवाला खाली आला होता. आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. माझ्या कानाशी येऊन, गंमत सांगावी तसं तो म्हणाला, "भैया, तोर हाथ तो दिखबे नइ करत रिहिस. मोटर के आड़ म रिहिस. फेर मोला पता रिहिस, तैं का कहिबे."

माझा हात त्याला दिसतच नव्हता. मोटरच्या आड होता. पण मी काय सांगणार हे त्याला माहीत होतं.

त्याने हे प्रेमाने सांगितलं होतं. चौदा वर्षांच्या सोबतीने त्याने मला उचलून धरलं होतं, आणि त्याला ते भूषण वाटत होतं. मला आधी राग आला, मग त्याला मिठी मारावीशी वाटली, मग पुन्हा राग आला. मी त्या मोटरजवळ उभा राहिलो आणि मला दिसू लागलं: उद्या वर हा नसेल, दुसरा असेल. किंवा हाच असेल आणि मी काही वेगळं सांगेन, 'थांब' म्हणेन, मूठ आवळेन, मालाच्या आड. आणि खाली कोणीतरी वाकून नट काढत असेल.

त्याच्या खांद्यावर मी हात ठेवला. उजवा. तेवढा जात होता. मग साहेबांच्या ऑफिसात गेलो.

साहेब हसतमुखाने म्हणाले, "बधाई हो. आप तो पास हो गए."

"पास क्रेनवाला हुआ है, साब," मी म्हटलं. "मैं नहीं. मेरा हाथ ऊपर नहीं जाता."

दोन वर्षं आणि वर सहा महिने हे वाक्य मी कुणाच्या बापाला बोलू दिलं नव्हतं. साहेबांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, काम बदलायचा अर्ज तुमच्याच हाताने लिहून द्या, दुसऱ्या कुणाच्या हाताने मी तो घेणार नाही. मी खुर्चीवर बसलो, त्यांचं पेन घेतलं आणि अर्धं पान हिंदीत लिहिलं. उजवा हात पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत सरळ चालत गेला, आणि कुठेही, जरासुद्धा, दुखलं नाही.